पन्नास सेंट : वॉल्टर ली यंगरची भूमिका नव्या नटाने कशी बसवावी

घरातला कमावता पुरुष, पैशांची ओढाताण, बायकोशी रोजचे खटके. अशी भूमिका नव्या नटाच्या हातात पडली की पहिल्याच वाचनाला त्याचा आवाज चढतो. दुसऱ्या वाचनाला टेबलावर मूठ आपटते. पहिल्या अंकातच सगळा दारूगोळा संपतो आणि पुढचे दोन अंक त्याच पट्टीत रेटावे लागतात. नवोदितांबरोबर तालमी घेताना हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता मी शिकवायला एकच नाटक घेतो आणि त्याच क्रमाने जातो. तो क्रम इथे लिहितो आहे. पुढे कुठल्याही नाटकात असा बाप, असा नवरा, असा मुलगा तुमच्या वाट्याला आला तरी तो कामी येईल.

नाटक आहे लॉरेन हॅन्सबेरी यांचं 'अ रेझिन इन द सन'. भूमिका वॉल्टर ली यंगरची.

आधी जमीन माहीत करून घ्या

यात फार दिवस घालवू नका, एक संध्याकाळ पुरे. हे नाटक ११ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर आलं. काळ्या स्त्रीने लिहिलेलं ब्रॉडवेवरचं हे पहिलं नाटक. हॅन्सबेरी तेव्हा २८ वर्षांच्या होत्या. दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स, वॉल्टरच्या भूमिकेत सिडनी पॉइटिए, त्याच्या बायकोच्या, रूथच्या भूमिकेत रूबी डी. ५३० प्रयोग झाले.

गोष्ट शिकागोच्या दक्षिण भागातली, काळ्या वस्तीतली. तिथे घर मिळणं हा केवळ पैशांचा प्रश्न नव्हता. गोऱ्या वस्त्यांतले घरमालक आपसांत करार करून ठेवत, की काळ्या माणसाला घर विकायचं नाही. लेखिकेच्या वडिलांनी अशाच वस्तीत घर घेतलं, खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९४० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. असले करार न्यायालयांनी राबवायचे नाहीत, हे १९४८ साली ठरलं. कागदावर ठरलं, वस्त्या तशाच राहिल्या. वॉल्टरच्या चिडीमागे हे सगळं उभं आहे. त्याला नुसता तापट स्वभावाचा माणूस समजाल तर भूमिका पहिल्याच दिवशी हातची जाईल.

एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. मराठी नटाने ही भूमिका वाचताना किंवा करताना तोंडाला काळा रंग फासू नये. एकोणिसाव्या शतकात गोरे नट चेहरे काळे करून काळ्या माणसांची टिंगल करणारे खेळ करत. त्या रंगाला तो इतिहास चिकटलेला आहे. आणि जाहीर प्रयोग करणार असाल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी आधी घ्या.

पैशांची वही घाला

संहितेचं दुसरं वाचन फक्त पैशांसाठी करा. एक वही घ्या. जिथे जिथे रकमेचा उल्लेख येईल तिथे ती रक्कम, ती कुणाची आणि कुणाच्या हातात गेली, एवढंच टिपा. भावना, हेतू, उपमा काही लिहू नका.

वही साधारण अशी होते. वॉल्टरचे वडील राबून राबून गेले, त्यांच्या विम्याचे १०,००० डॉलर येणार आहेत. नाटक शुक्रवारी सकाळी सुरू होतं, चेक शनिवारी येणार. चेक आईच्या, लीनाच्या नावाचा. वॉल्टरला दोन मित्रांबरोबर दारूचं दुकान काढायचं आहे. दुकान ७५,००० चं, सुरुवातीला ३०,००० लागणार, तिघांत वाटले तर प्रत्येकी १०,०००. इथे पेन्सिल थांबवा. त्याच्या वाट्याची रक्कम आणि बापाच्या मरणाचा चेक एकच आहे. आपल्याला किती हवेत याचा हिशेब त्याने केलेलाच नाही. जे येणार आहेत ते सगळे त्याने मनात खर्चून टाकले आहेत.

पुढे आई ३,५०० डॉलर घराच्या पहिल्या हप्त्याला भरते. उरलेले ६,५०० वॉल्टरच्या हातात देते, त्यातले ३,००० धाकट्या बहिणीच्या, बेनीथाच्या डॉक्टरकीसाठी बँकेत टाकायला सांगून. तो बँकेत काहीच टाकत नाही. सगळे विली हॅरिस नावाच्या मित्राला देतो आणि विली पळून जातो.

या मोठ्या आकड्यांमध्ये एक ५ डॉलरची नोंद आहे. रूथला दिवस गेले आहेत आणि गर्भ पाडणाऱ्या बाईला तिने ५ डॉलर आगाऊ देऊन ठेवले आहेत. वॉल्टर करणारी मुलं ही नोंद हमखास विसरतात. ती लाल शाईने लिहा, पुढे लागेल.

जमिनीवर घर आखा

तालमीच्या खोलीत चिकटपट्टीने घर आखा. पाच माणसं. आई आणि बहीण एका खोलीत. वॉल्टर आणि रूथ ज्याला आपली खोली म्हणतात ती खरं तर न्याहारीची चिंचोळी जागा. त्यांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा ट्रॅव्हिस बाहेरच्या खोलीत कोचावर झोपतो. संडास-बाथरूम व्हरांड्यात, शेजारच्या कुटुंबाबरोबर सामाईक. चाळीत वाढलेल्या नटाला हे समजावून सांगावं लागत नाही. सकाळी नंबर लागलेला असणं, आतल्याने कडी काढायची वाट पाहणं, कुणाशीही भांडायचं तर ते सगळ्यांच्या देखत भांडणं, हे त्याच्या अंगात असतं. ज्यांच्या अंगात नाही त्यांनी या आखलेल्या घरात अर्धा तास नुसतं वावरावं, एकही संवाद न म्हणता. पाय कुठे अडखळतात ते पाहावं. वॉल्टर रागाने ताडताड बाहेर जातो, असं संहितेत अनेकदा येतं. का जातो ते चार पावलांत कळतं. या घरात त्याला राग घेऊन बसायला जागाच नाही.

पन्नास सेंटच्या प्रवेशावर मुक्काम करा

मला विचाराल तर सगळी भूमिका पहिल्या अंकातल्या पन्नास सेंटमध्ये आहे. यावर निदान तीन तालमी घालवा.

ट्रॅव्हिसला शाळेत पन्नास सेंट द्यायचे आहेत. तो आईकडे मागतो. रूथ म्हणते, नाहीत. मुलगा हट्ट करतो, ती ऐकत नाही. मग वॉल्टर येतो, मुलगा त्याच्यासमोर तेच गाऱ्हाणं मांडतो आणि वॉल्टर खिशात हात घालून नाणं काढून देतो. पण देताना त्याचे डोळे मुलाकडे नसतात, रूथकडे असतात. एवढ्यावर थांबत नाही. आणखी पन्नास सेंट देतो, फळं घे, नाहीतर टॅक्सीने जा म्हणतो. मुलगा आनंदाने उडी मारतो आणि शाळेत जातो.

त्यानंतर नवरा-बायकोची कुरबूर, मग बहिणीशी तोंडातोंडी, मग वॉल्टर दार आपटून कामाला निघतो. आणि क्षणभराने परत येतो. त्याला बसभाड्याला पैसे नाहीत. ते रूथकडे मागावे लागतात.

तेव्हा अमेरिकेत कायद्याने ठरलेली किमान मजुरी तासाला १ डॉलर होती, आणि घरकाम करणाऱ्या बायकांना तो कायदा लागूही नव्हता. रूथ लोकांच्या घरी घरकाम करते. मुलाला उधळून दिलेला तो डॉलर म्हणजे काय, ते तिला बरोबर माहीत आहे.

तालमीत खरी नाणी वापरा. माझ्या एका तालमीत एका मुलाला हा प्रवेश काही केल्या जमत नव्हता. पहिलं नाणं तो दानशूर राजासारखा द्यायचा. मी त्याच्या पँटच्या खिशात दहा रुपयांची दोनच नाणी ठेवली आणि म्हटलं, तुझं आजचं घरी जायचं भाडं एवढंच आहे, दुसरं काही नाही, आणि आज मी तुला सोडणार नाही. पहिलं नाणं त्याने दिलं. दुसऱ्यासाठी हात खिशात गेला आणि आतच थांबला. बोटं नाणं चाचपत होती. तेवढ्यात समोर रूथ करणारी मुलगी त्याच्याकडे बघत होती हे त्याच्या लक्षात आलं आणि हात झटक्यात बाहेर आला. तो प्रवेश त्या दिवशी बसला. नाणं मुलाला दिलेलं नसतं, बायकोच्या नजरेला दिलेलं असतं.

परतीचा प्रवेश त्याहून अवघड. दारात उभं राहून भाडं मागताना नट हमखास दोन चुका करतात. एक तर ते मान खाली घालून बिचारे होतात, नाहीतर मागतानाही गुरकावतात. दोन्ही टाळा. तो फक्त सांगतो की भाड्याला पैसे हवेत. सपाट. त्या सपाटपणात सगळा ताठा आणि सगळी लाज बसते. आणि रूथ करणारीने हे नीट वाचावं: तिने इथे टोमणा मारायचा नाही. पन्नास सेंटच हवेत ना, असं ती विचारते आणि टॅक्सीने जा म्हणत पैसे देते. त्याने मुलाला म्हटलेलंच ती परत देते, पण लेखिकेला त्यात माया हवी आहे, थट्टेच्या अंगाने आलेली माया. टोमणा मारलात तर वॉल्टरला रागवायला सोपं कारण मिळेल. मायेने दिलंत तर त्याला रागवताही येणार नाही, आणि ते त्याला जास्त जड जातं.

रागाला नेमकं नाव द्या

आपल्या भाषेने इथे फार मोठी सोय करून ठेवली आहे. 'राग' हा शब्द संहितेच्या समासात लिहायचा नाही, असा नियम करा. धुसफूस, चडफड, जळफळाट, त्रागा, आदळआपट, चीड, संताप, उद्वेग यांतला नेमका कोणता, ते प्रत्येक वाक्यासमोर लिहा. सकाळी अंड्यांची बशी समोर असताना रूथशी चालते ती धुसफूस. आपण स्वप्न सांगतो आणि बायको म्हणते आधी खाऊन घे, याची. बहिणीच्या शिक्षणावरून होतो तो जळफळाट: डॉक्टर कशाला, इतर बायकांसारखी नर्स हो. आईसमोर होतो तो त्रागा, कारण त्याला आईचा धाक आहे आणि तिच्याकडूनच हवं आहे. पैसे बुडाल्यावर जमिनीवर पडून तो जे करतो तो आक्रोश आहे. तिथे राग शोधूही नका.

अभिमानाचंही तसंच. नाणं देताना ताठा असतो, मित्रांबद्दल बोलताना मिजास असते, शेवटच्या अंकात स्वाभिमान येतो. तिन्हींना एकच पाठीचा कणा वापरलात तर शेवटाला काही उरणार नाही.

मग दुसऱ्या समासात लिहा, हा राग खरा कुणावर आहे आणि उतरतो कुणावर. वॉल्टर एका गोऱ्या साहेबाची गाडी चालवतो. दिवसभर दार उघडतो, दार लावतो, हो साहेब, नाही साहेब म्हणतो. साहेबावर तो एकदाही चिडत नाही. चिडतो घरी आल्यावर, जी तीन बायका त्याला भेटतात त्यांच्यावर. त्या तिघींपैकी दोघी स्वतः लोकांच्या स्वयंपाकघरात राबून आलेल्या असतात. हे लिहिताना वॉल्टरची बाजू घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. त्याच्यावर अन्याय होतो हे खरं आणि तो अन्याय करतो हेही खरं. नटाने पहिल्यासाठी दुसऱ्यावर पांघरूण घातलं की रूथच्या कामाचा जीव जातो.

साहेबाचा आवाज वेगळा तयार करा

संहितेत साहेब रंगमंचावर येत नाही. तरी तालमीत त्याचा एक प्रवेश करून बघा. एकाने खुर्चीत मागे बसावं, वॉल्टरने पुढे, आणि दहा मिनिटं फक्त 'हो साहेब' या एकाच अर्थाची वाक्यं म्हणावीत. आवाज वर चढतो, मऊ होतो, खांदे पुढे येतात. हा आवाज जपून ठेवा. तिसऱ्या अंकात तो लागणार आहे, आणि तोपर्यंत प्रेक्षकाला तो ऐकूही येता कामा नये.

गप्प बसण्याची तालीम

आता वहीतली लाल नोंद. पहिल्या अंकाच्या शेवटी आई त्याला सांगते की रूथ पोट पाडायच्या विचारात आहे. आई थांबते. तो बापासारखा उभा राहील, काहीतरी बोलेल, म्हणून थांबते. तो काही बोलत नाही आणि निघून जातो. बापाच्या नावाला कलंक आहेस तू, अशा अर्थाचं आई त्याला ऐकवते.

इथे नवे नट डोळ्यांत पाणी आणतात. मी सांगतो, आणू नका. तो त्या क्षणी हिशेब करत असतो असं धरून चाला: अजून एक तोंड, हेच घर, तोच पगार. तोंड उघडतं, शब्द येत नाही. इतकी बडबड करणाऱ्या माणसाची ही एवढीच शांतता पूर्ण नाटक तोलून धरते.

ट्रॅव्हिसच्या उशाशी

पैसे हातात आल्यावर तो रात्री मुलाला आपलं स्वप्न सांगतो. मुलगा सतरा वर्षांचा असेल, आपण ऑफिसातून दमून येऊ, काळी क्रायस्लर गाडी, दारात माळी झाडं कापत असेल, तो नमस्कार करेल, 'मिस्टर यंगर' म्हणेल. नट हा प्रवेश गोड करतात आणि तो गोड आहेच. फक्त म्हणताना एक लक्षात असू द्या: स्वप्नातही कुणीतरी दुसरा माणूस त्याला 'साहेब' म्हणतोय. त्याने साहेबाच्या गाडीतून जे पाहिलं, त्यापलीकडचं मोठेपण त्याला माहीत नाही. हे प्रेक्षकाला दाखवायचं नाही, तुम्हाला माहीत असलं की पुरे.

लिंडनर दोनदा येतो

घर घेतलं ते क्लायबोर्न पार्क या गोऱ्या वस्तीत. वस्तीच्या मंडळाचा कार्ल लिंडनर येतो, अतिशय सभ्यपणे सांगतो की तुम्ही येऊ नका, आम्ही तुमचं घर जास्त पैशांत विकत घेतो. वॉल्टर त्याला बाहेर काढतो. पण तेव्हा ६,५०० डॉलर कामाला लागलेत या समजुतीत तो असतो. ही हिंमत पैशांच्या भरवशावर आलेली, उसनी आहे. तशीच करा: मोठी, सोपी, थोडी मजेत.

पैसे बुडाल्यावर तो स्वतः लिंडनरला बोलावतो. पैसे घेऊ, येत नाही तिथे राहायला असं सांगू. घरच्यांसमोर तो गुडघ्यांवर येऊन दाखवतो की आपण कसं बोलणार. इथे तो जपून ठेवलेला साहेबाचा आवाज काढा. प्रेक्षकाला पहिल्यांदा कळतं की हा माणूस दिवसभर कसा बोलत असेल.

मग लिंडनर दारात येतो. रूथ मुलाला खाली पाठवू बघते, आई म्हणते, नाही, त्याला राहू दे, त्याच्या देखत कर. वॉल्टर बोलायला लागतो आणि वाक्यं मोडतात. आम्ही साधी माणसं आहोत, मी गाडी चालवतो, बायको लोकांकडे काम करते. वडिलांचा विषय निघतो. हे घर त्यांनी कमावलं, म्हणून आम्ही तिथे राहायला येतो आहोत. आवाज बिलकूल चढवायचा नाही. आधीच्या दोन अंकांत चढवून चढवून तुम्ही जो साठा केला, तो इथे न वापरता तसाच ठेवायचा. एक हात मुलाच्या खांद्यावर असू द्या आणि खिशाकडे जाऊ देऊ नका.

'अहो' की 'अरे'

मराठीत वाचन करणार असाल तर हे पहिल्याच दिवशी ठरवा. इंग्रजीत बायको नवऱ्याला ज्या सर्वनामाने हाक मारते त्यानेच साहेबाला मारते. आपल्याकडे तसं नाही. रूथ वॉल्टरला 'अहो' म्हणाली तर न्याहारीच्या भांडणातही त्याचा मान शाबूत राहतो आणि प्रवेश पडतो. मी तिला 'तू' म्हणायला लावतो. फक्त ट्रॅव्हिससमोर ती 'बाबांना विचार' असं अदबीने बोलते. वॉल्टर आईला 'तू'च म्हणेल. लिंडनरला शेवटच्या प्रवेशात 'साहेब' म्हणून सुरुवात करून तो 'तुम्ही' वर येतो. ही उडी प्रेक्षकाला बरोबर ऐकू येते, तिच्यावर जोर द्यायची गरज नाही.

पुढे काय वाचावं

या भूमिकेबरोबर आणखी दोन कमावते बाप वाचा. आर्थर मिलर यांच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन'मधला विली लोमन शेजाऱ्याकडून दर आठवड्याला ५० डॉलर उसने घेतो आणि बायकोला ते पगार म्हणून देतो. ऑगस्ट विल्सन यांच्या 'फेन्सेस'मधला ट्रॉय मॅक्सन पगाराच्या दिवशी पाकीट बायकोच्या हातात ठेवतो आणि त्याच घरात मुलाला विचारतो की तू मला आवडायलाच हवास असं कुठे लिहिलंय. दोन्हींचीही आधी पैशांची वही घाला.

शेवट बसवताना

लिंडनर गेल्यावर नट सुटकेचा श्वास सोडतात, वॉल्टर एकदम समजूतदार होतो, आवाज सायीसारखा होतो. संहिता तसं म्हणत नाही. सामान खाली नेणारी माणसं येतात, गडबड उडते, बेनीथा सांगते की आफ्रिकेतून आलेल्या असागाईने तिला मागणी घातली आहे, आणि वॉल्टर तिथेच तिला झापायला लागतो: असले वेडे विचार सोड, पैसेवाला बघ. दोघं भांडत भांडत दाराबाहेर जातात. हे भांडण खरं करा, पहिल्या अंकातल्याच पट्टीत. विंगेत गेल्यावरही थांबू नका, जिना उतरत असल्यासारखे संवाद चालू ठेवा, कारण आत रूथ आणि आई ते ऐकत उभ्या आहेत आणि त्यांना पुढचा प्रवेश त्या आवाजावरच घ्यायचा आहे.